साबण लावलेले श्रोते

मामाच्या सलूनमध्ये खुर्ची एकच आणि चालणारं तोंडही एकच, मामाचं. गिऱ्हाईक बसलं की त्याच्या गालांना साबण फासायचा आणि आपण बोलत सुटायचं, ही वीस वर्षांची रीत. समोरच्याने तोंड उघडलं की फेस आत! असे गुणी श्रोते मामाला रोज डझनभर मिळत.

अशा माणसाकडे ताईने आपली लेक आणून बसवली. पोरगी नऊ वर्षांची. मागच्या आठवड्यात वर्गात मोठ्याने वाचताना अडखळली, पोरं फिदीफिदी हसली, आणि तेव्हापासून पुस्तक दिसलं की हिची दातखीळ बसायची. येत्या शुक्रवारी पुन्हा तिचीच पाळी होती.

"म्हणते, शाळेतच जाणार नाही. मी तर हात टेकले," ताई म्हणाली. "बघ तुला काही जमतंय का. आणि नुसता बडबडत बसू नकोस."

मामाला काय कप्पाळ जमणार! पण भाचीचा एवढासा चेहरा पाहून त्याला गलबलून आलं. समोरच्या गिऱ्हाइकाच्या गालावर ब्रश फिरवता फिरवता त्याचा हात थांबला.

"भाचीबाई, हा माणूस तुला हसेल का गं?"

भाचीने नीट निरखलं. डोळ्यांपर्यंत फेस, आणि आता गळ्याशी वस्तरा येणार. "हसला तर कापेल."

"मधेच चुका काढेल?"

"तोंडात साबण जाईल ना!"

"मग वाच की याला!"

दप्तरात शाळेतून आणलेलं गोष्टीचं पुस्तक होतं. दीपगृहाच्या रखवालदाराची शेळी दिव्याच्या खोलीची किल्ली गिळते, अशी गोष्ट. पहिलं पान वाचायला अख्खी दाढी गेली. गिऱ्हाईक बिचारं निमूट बसलं होतं. खरी शिक्षा झाली ती मामाला. जीभ नुसती वळवळत होती, पण पठ्ठ्याने ओठ मिटून घेतले ते घेतलेच.

बुधवारपर्यंत भाची एका दाढीत चार पानं वाचू लागली. आता दाढी झालेली माणसंही उठून बाकावर बसायची, घरी जायचं नाव नाही. मग मामाने नियमच काढला, साबण पुसलेल्याने तोंडावर टॉवेल धरायचा. बाप्ये लोक, पण टॉवेल धरून गुपचूप बसत.

गुरुवारी मात्र गुरुजी आले. शाळेतून निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी खिशात खडू, आणि दुकानाच्या पाटीवर चूक दिसली की तिथल्या तिथे दुरुस्ती. मिशी अशी भरघोस की तिला पाहूनच पोरं पाढे म्हणायला लागत. त्यांना पाहिलं आणि भाचीने पुस्तक हळूच मांडीखाली सरकवलं.

पोरगी आज गप्प बसली तर उद्या संपलंच सगळं! मामाने ब्रश उचलला आणि गुरुजींच्या गालांना, ओठांना, मिशीसकट सगळ्याला नाकापर्यंत साबण थापला. "हं, भाचीबाई. आता यांचंही तोंड बंद."

भाचीने घाबरत घाबरत सुरुवात केली. तिसऱ्याच ओळीत अडखळली. लगेच कापडाखालून गुरुजींचं बोट वर आलं. मामाने त्यांची हनुवटी हळूच पलीकडे वळवली. भाची थांबली, मागे गेली, तीच ओळ पुन्हा वाचली, या खेपेला बरोबर. बोट खाली गेलं.

आणि मग गोष्टीने जो वेग घेतला! धुकं दाटलंय, जहाज खडकाकडे येतंय, दिव्याच्या खोलीला कुलूप आणि शेळी छपरावर चढून बसलेली. बाकावरचे टॉवेल गळून पडले. मामाचे कान तिकडे आणि वस्तरा इकडे. तो गालावरून वर सरकला, आणखी वर सरकला, आणि गुरुजींची अर्धी मिशी फेसासकट टॉवेलवर आली.

मामाने तोंड उघडलं, पण वीस वर्षांत पहिल्यांदाच त्याला एक शब्द सुचेना. गुरुजींनी आरशात पाहिलं, ओठ चाचपला. भाचीने रडवेलं होऊन पुस्तक मिटलं. "माझ्यामुळे झालं."

"पुस्तक कुणी मिटायला सांगितलं?" गुरुजी फेसातून गरजले. "मिशी काय, येईल महिन्याभरात! त्या जहाजाचं काय झालं ते सांग आधी!"

भाची खुदकन हसली आणि पान शोधायला लागली. मामाने मुकाट्याने उरलेली अर्धी मिशीही उतरवली.

शुक्रवारी दुपारपासून मामा दारातच उभा. दोन गिऱ्हाइकं वाट पाहून परत गेली. अखेर दप्तर हलवत भाची आली.

"वाचलंस?"

"वाचलं."

"अडखळलीस?"

"दोनदा. नाही, तीनदा."

"पोरं हसली का गं?"

भाची जागीच थांबली, विचारात पडली.

"अय्या मामा, ते बघायचंच राहिलं," ती म्हणाली, आणि दप्तरातून नवं पुस्तक काढत स्टुलावर चढून बसली. "चल, कुणाला तरी साबण लाव."