मानसाची पाण्याची गोळी

या, बाकावर जरा आत सरका, माझ्याजवळ बसा. प्रवचनाला अवकाश आहे, तोवर आमच्या मानसाची गोष्ट ऐका. ऐकल्यावर तुम्हीही आज जरा जास्तच मोकळ्या गळ्यानं गाल.

समुद्रकाठच्या आमच्या बिरिवा गावातल्या चर्चमध्ये प्रवचन एकट्या पाद्रीबाबांचं नसतं. ते बोलत असतात, एखादा शब्द काळजाला भिडतो, आणि बायकांतली कुणीतरी उठून गाणं उचलते. मग पाद्रीबाबांनी थांबायचं. सारं चर्च उभं राहतं, पांढरे रुमाल हवेत फिरतात, आणि गाणं आपणहून निवलं की प्रवचन पुढे. आजवर कुठल्या पाद्र्यानं त्याला हरकत घेतलेली नाही. पूर्वी हे गाणं आराबा उचलायची. बरं वाटतंय म्हणून ती बीपीच्या गोळ्या सोडून बसली, आणि एका सकाळी चुलीपाशीच तिचं अर्धं अंग गेलं, वाचाही गेली. तेव्हापासून तिची धाकटी बहीण मानसा उचलते. पहिल्या बाकावरून तिचा सूर लागला की समुद्रावरचे कोळीसुद्धा जाळं ओढायचे थांबतात, असं आम्ही म्हणतो.

गेल्या सुगीच्या सणाला कुमासी शहरातले नामांकित पाद्रीबाबा यायचे ठरले. गावात नुसती धांदल उडाली. आम्ही बायकांनी एकाच नक्षीचं कापड घेतलं, तालमी सुरू केल्या. तेवढ्यात आमच्याच मंडळीतल्या नर्स एफिबानं उपासनेनंतर सगळ्यांचं बीपी तपासलं, आणि मानसापाशी तिचा चेहरा उतरला. एकशे नव्वदच्या वर. गोळ्या घेतेस का, विचारलं. घेते, म्हणाली. खारी मासळी? तीही सोडलीय म्हणाली, जरा ओशाळूनच. एफिबाला काही उमगेना. तिनं तिथल्या तिथे तिला शहरातल्या डॉक्टरांकडे नेलं. परत आल्यावर सांगितलं, सणाच्या आधी पुन्हा मोजीन. हा आकडा उतरला नाही, तर गाणं नाही.

मी मानसाबरोबर तिच्या घरापर्यंत गेले. मी अंगणात तिचा हात धरला आणि विचारलं, खरं सांग.

"अगं, ती पाण्याची गोळी," ती म्हणाली. "घेतली की दर थोड्या वेळानं लघवीला धावावं लागतं. पहिल्या बाकावरून, प्रवचन चालू असताना, सगळ्यांदेखत उठून जाऊ? देवाचा अपमान नाही का तो?"

"मग चर्चच्या दिवशी घेत नाहीस?"

"नाही. आणि खारी मासळीही सुटली नाही गं."

आता आमच्याकडे चर्चचा दिवस म्हणजे रविवार, शिवाय बुधवारी बायकांची बैठक, शुक्रवारी प्रार्थना, शनिवारी तालीम. मी म्हटलं, बाई, तू गोळी घेतेस की गोळीला सणावारी भेटतेस? हसू आलं, आणि लगेच आराबाची वाकडी झालेली जिवणी डोळ्यांपुढे आली. हसू तिथंच विरलं.

मी एफिबाला सांगून टाकलं. मानसा रुसली. एफिबा मात्र तिच्यासमोर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "एना, माझे आई, ज्यानं तुला गळा दिला, त्यानंच बाकीचं शरीरही दिलंय. त्याची लाज त्याला नाही, तुला का?"

मानसा म्हणाली, लोक बघतील. तेव्हा मला सुचलं. गाणं उठलं की सारे उभे असतात, रुमाल फिरत असतात; कोण बाहेर गेलं हे कोणाला दिसणार? फक्त तेव्हा गाणं दुसऱ्या कुणीतरी उचलायला हवं. दोघींनी माझ्याकडे पाहिलं. माझा आवाज म्हणजे फुटलेलं घमेलं, पण शब्द देऊन बसले.

त्या दिवसापासून गोळी रोज. रश्श्यात खाऱ्या मासळीऐवजी ताजी, आलं आणि मिरची. पहिल्यांदा जेवताना मानसानं असं तोंड केलं की जणू वाळू खाल्ली. सणाच्या आदल्या आठवड्यात एफिबानं बीपी मोजलं, आणि तिच्या ओठांवर हसू फुटलं. अजून उतरायला हवंय, म्हणाली, पण गा.

सणाचा दिवस. चर्चच्या खिडक्यांतही माणसं. आराबाला खुर्चीवरून आणून पुढे बसवलेलं. पाद्रीबाबा रात्रभर रिकामं जाळं ओढणाऱ्या आणि शेवटी प्रभूच्या शब्दावर ते काठोकाठ भरलेल्या पेत्र कोळ्याची कथा सांगत होते, रंग भरत चालला होता, आणि माझ्या बरगडीत मानसाचं कोपर बसलं.

मी उठले, गाणं उचललं. फार वर लागलं. बायकांनी सावरून घेतलं, रुमाल उठले, मानसा बाजूच्या दारानं सटकली. गाणं संपत आलं, तरी तिचा पत्ता नाही. मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. घसा सोलवटला. पाद्रीबाबा डोळे मिटून डुलत होते, त्यांना घाई नव्हती.

आणि दारातून तिचा सूर आला. गातच आत आली, मधल्या वाटेनं, हात पसरून. माझा फुटका सूर तिनं असा उचलला जसं तान्हं मूल उचलावं. छप्पर हललं म्हणतात ना, तसं. आराबाचा चांगला हात मांडीवर ताल धरत होता.

पाद्रीबाबा शेवटी एवढंच म्हणाले, "माझं जाळं तर तुम्हीच भरलंत, मी काय ओढू?"

मानसा आजही गाणार आहे. बघा, तिची बाहेर जायची वेळ आली की मीच उठेन. तुमचीही बीपीची गोळी असेल तर उद्या सकाळी ती घेताना एक करा. क्षणभर आमच्या आराबाची आठवण ठेवा.