जोड्यातला खिळा

माझा जोडा कुणाला चावत नाही. उगाच फुशारकी मारत नाही. दुकानाच्या पाटीवर तसं लिहिलंय आणि इतक्या वर्षांत ती पाटी उतरवा म्हणायला कुणी आलेलं नाही. मी पाय बघून माणूस ओळखतो. चेहऱ्याकडे बघायची सवयच नाही, त्यामुळे गिऱ्हाइकं मला शिष्ट समजतात. समजोत.

अशा माणसाच्या स्वतःच्या तळव्याला भोक पडावं आणि त्याला पत्ताही नसावा, याला काय म्हणायचं? पत्ता लागला तो बायकोला. फरशी पुसताना तिला डाग दिसले, आणि डागांचा माग काढत ती थेट माझ्या खुर्चीपाशी आली. "अहो, पाय वर करा बघू," म्हणाली. मी केला, तशी तिनं फडकं टाकलं आणि रिक्षा बोलावली.

इस्पितळातल्या सर्जननं जखमेत बारीक सळई घालून पाहिली. "शुगर जुनी आहे. पायाची जाणीव गेलीय. पुढच्या तपासणीपर्यंत जखम भरायला लागली तर ठीक, नाहीतर पावलाचा पुढचा भाग काढावा लागेल." नखं कापायची असावीत तशा सुरात बोलला. पाऊलच अर्धं गेल्यावर शिवणयंत्राचं पायडल मी कशानं मारणार होतो? दुकान तिथेच संपलं असतं. तरीही दाखल व्हायला मी साफ नकार दिला. इस्पितळाच्या वासानंच माझं डोकं फिरतं.

"मग रोजचं ड्रेसिंग कोण करणार?" सर्जननं विचारलं.

"मी करीन," मागून आवाज आला. टिटवीचा.

टिटवी म्हणजे माझी भाची, धाकट्या बहिणीची मुलगी. लहानपणी सारखी किंचाळायची, म्हणून मीच ठेवलेलं नाव. आता ती त्याच इस्पितळात नर्स आहे आणि सगळं जग तिला सिस्टर म्हणतं. आमचं मात्र बरीच वर्षं फाटलेलं होतं. शाळा सुटली की ही माझ्या दुकानात येऊन बसायची. चामडं टोचायची आरी कशी धरायची ते तिला शिकवावं लागलं नाही. रापीच्या पात्यानं चामड्याची कड अशी पातळ तासायची की बोट फिरवूनही जोड कळू नये. मनातल्या मनात मी दुकान तिच्या हवाली करून मोकळा झालो होतो. आणि एके दिवशी बया म्हणते, "मामा, मी नर्सिंगला चाललेय." मी वाट्टेल ते बोललो. असा हात लोकांची घाण काढण्यात घालवणार, असंही बोललो. तिनं ऐकून घेतलं आणि गेली.

आता ती ड्यूटी संपवून रोज आमच्या घरी यायला लागली. पहिल्याच दिवशी समोर स्टुलावर बसली, मांडीवर स्वच्छ कापड पसरलं आणि माझी टाच उचलून त्यावर ठेवली. मी पाय ओढून घेतला.

"अगं, भाचीच्या मांडीवर पाय ठेवू होय?"

"भाचीला दाराबाहेर चपलांपाशी ठेवलंय. इथं सिस्टर बसलीय. पाय दे."

मग तिनं नायलॉनचा एक दोरा दाखवला. "डोळे मीट. तळव्याला दोरा टेकला की हो म्हणायचं." मी डोळे मिटले आणि हुशारी करून अधूनमधून हो म्हणत गेलो.

"मामा."

"काय?"

"मी अजून टेकवलाच नाहीये."

बायको हसू दाबायला स्वयंपाकघरात पळाली. मी डोळे उघडले. माझा तळवा मुका झाला होता, हे मला तेव्हा खरं कळलं, आणि मी घाबरलो.

टिटवीनं जखम धुतली. पुसताना दरवेळी नवा गॉझ, एकदा वापरलेला पुन्हा नाही. मग कडेची मेलेली कातडी पात्यानं तासायला घेतली, आणि मी पुढे वाकून बघायला लागलो. ती पकड माझ्या ओळखीची होती. अंगठा पात्याच्या पाठीवर, करंगळी टेकलेली, श्वास रोखलेला. मेलेली तेवढीच निघत होती, जिवंत कातडीला धक्का लागत नव्हता. मी जन्मभर हात चालवला तो मेलेल्या चामड्यावर. ही तो जिवंत माणसावर चालवत होती. ऊर भरून आला माझा. आणि रागही आला, की एवढी वर्षं हे बघायला मी एकदाही गेलो नव्हतो.

"जखम झाली कशानं?" तिनं विचारलं.

"झाली आपोआप."

"जोडे कुठेत तुझे?"

"ते कशाला? माझ्या हातचे आहेत."

तिनं उठून जोडे आणले. उजव्या जोड्यात हात घातला आणि चाचपत चाचपत पुढे नेला. मध्येच थांबली. हात बाहेर काढला तेव्हा बोटाच्या टोकावर रक्ताचा थेंब होता. तळातून खिळ्याचं टोक वर आलं होतं. तो तळ मीच ठोकला होता. त्या क्षणी सर्जन समोर असता तर मी म्हटलं असतं, घे बाबा कापून, या पायाची तीच लायकी आहे.

"काय गं, काय लागलं?" बायकोनं आतून विचारलं.

"काही नाही मामी, मामाची आरी टोचली," टिटवी म्हणाली. बोट साबणानं धुऊन आली, पक्कड घेतली, खिळा उपटला आणि गुपचूप खिशात टाकला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. माणसाची लाज कशी झाकावी, हे तिला कुणी शिकवलं असेल?

पाय जमिनीला टेकायचा नाही, असा हुकूम होता. मी तो पाळला, पण पुढच्या खोलीतल्या दुकानात गिऱ्हाईक येईपर्यंतच. संध्याकाळी पट्टी सोडली आणि टिटवीचा चेहरा उतरला. भरत आलेली जागा पुन्हा लाल झाली होती.

"उभा राहिलास?"

"जरासाच."

मग ती ओरडली. लहानपणी ओरडायची तशी, शेजारपाजारच्या खिडक्या उघडतील अशी. "उद्या तुझा पाय गेला ना मामा, तर त्याचंही ड्रेसिंग मीच करीन! तेही नीटच करीन, एक टाका बिघडू देणार नाही! पण मला ते ड्रेसिंग करायचं नाहीये रे!"

शेवटी तिचा आवाज फाटला. तिनं नाक पुसलं, हात पुन्हा धुतले आणि पहिल्यापासून सगळं नव्यानं केलं. त्या दिवसानंतर मी पाय टेकवला नाही. बायको पहारेकऱ्यासारखी बसून असायची, पण तिची गरज नव्हती.

बसल्या बसल्या हातांना काम हवं होतं. एकदा टिटवी निघाली तशी मी म्हटलं, "ते पांढरे जोडे काढ. माप घ्यायचंय."

"दमलेय रे मामा. नंतर घे."

"दमलीयस म्हणूनच म्हणतोय. पाय इकडे दे."

तिचा पाय मी मांडीवर घेतला. टाचेला भेगा, करंगळी दबून आडवी झालेली, तळव्याची कमान बसलेली. उजव्या चवड्याखाली जाड घट्टा होता. "माणसं उचलताना उजव्या पायावर जोर देतेस," मी म्हणालो. ती चकित झाली. लोकांचे इतके पाय हाताळले, पण दुसऱ्यांसाठी एवढा झिजलेला पाय मी पाहिला नव्हता.

तपासणीच्या दिवशी वॉर्डात सर्जनभोवती शिकाऊ नर्सेसचा घोळका होता. त्यानं पट्टी सोडली, पाय उजेडाकडे वळवला आणि जखमेच्या कडा दाबून पाहिल्या.

"पाय वाचला," तो म्हणाला. "अजून थोडे दिवस जपा. पण वाचला. या मुलींना सांगा बरं, जखम झाली कशानं?"

"सर, ते मी नंतर सांगते त्यांना," टिटवी घाईघाईनं मध्ये पडली.

"तू गप," मी म्हणालो. "माझ्याच जोड्यातल्या खिळ्यानं झाली. माझ्या हातचा जोडा मला चावला, आणि मला कळलं नाही. हिनं आत हात घालून खिळा शोधला, स्वतःचं बोट फोडून घेतलं, आणि इतके दिवस कुणाला एका शब्दानं बोलली नाही." बायको माझ्याकडे बघतच राहिली. पाटीचं जे व्हायचं ते होवो, म्हटलं.

मग मी पिशवीतून नवे पांढरे जोडे काढले. सगळ्यांसमोर एकेका जोड्यात हात घातला, टोकापर्यंत चाचपला, आणि मगच तिच्यापुढे ठेवले. तिनं ते घातले, दोन पावलं टाकली आणि काही बोलणार, एवढ्यात पलीकडच्या खाटेवरून कुणीतरी हाक मारली, "सिस्टर!" ती गेली.

शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानं मला विचारलं, "कोण हो तुमची?"

"भाची," मी म्हणालो. आणि राहवेना म्हणून भर घातली, "हात माझ्याकडे तयार झालाय तिचा. पण जिथं लागायला हवा होता, तिथंच लागला."

"मामा!" वॉर्डाच्या त्या टोकावरून टिटवी किंचाळली. "पाय खाली आलाय!"

अख्खा वॉर्ड माझ्या पायाकडे बघायला लागला. मी मुकाट्यानं पाय उचलून स्टुलावर ठेवला.