पोटात अडकलेला कॅमेरा

आमचे हे केकच्या दुकानात काउंटर सांभाळतात आणि मी मागच्या खोलीत केकवर क्रीम चढवते. गिऱ्हाइकासमोर ह्यांच्या तोंडात साखर, घरी मात्र तोंडाला कुलूप. आतड्याच्या दुखण्याबद्दल तर विचारूच नका. आतून सूज येते, जखमा होतात, त्या भरताना आतडं आकसतं आणि वाट अरुंद होते. दोनदा कापून झालं होतं. दुसऱ्या वेळी डॉक्टरबाई स्पष्टच म्हणाल्या, "उरलंय ते जपा. आणखी कापावं लागलं तर खाल्लेलं अंगी लागणार नाही. शिरेतून अन्न द्यावं लागेल."

यंदा हे पुन्हा पोट धरून बसू लागले, तेव्हा बाईंनी गिळायचा कॅमेरा सुचवला. गोळीएवढा असतो, आतड्यातून फोटो काढत जातो आणि आपोआप बाहेर पडतो. पण वाट अरुंद असली तर अडकतो, म्हणून आधी तेवढीच एक नकली गोळी गिळायची. वाट मोकळी असली तर ती अख्खी बाहेर येते. अडकली तर आतच विरघळते आणि मागाहून नुसतं मऊ टरफल पडतं. शौचाला जाल तेव्हा नीट बघा, असं नर्सने बजावलं होतं. ह्यांनी बघितलंही. दिसलं ते चेपलेलं, मऊ टरफल. मला चकार शब्दही सांगितला नाही. मी विचारलं तर म्हणे, "दवाखान्यातून फोन येणारच आहे, त्यांना सांगतो."

फोन आला तो भर गर्दीत. ह्यांच्या हातात केकचा खोका, फोन खांद्याशी दाबलेला, समोर बायका-मुलं ओळीने उभी. तिकडून नर्स विचारतेय, "गोळी शौचातून आली का? अख्खी की मऊ पडलेली?" आता केक विकणाऱ्या माणसाने गिऱ्हाइकांदेखत याचं काय उत्तर द्यावं? हे म्हणाले, "हो हो, अख्खी," आणि खोक्याला फीत बांधली. नंतर उलटा फोन करून खरं सांगायचं मनात होतं म्हणे. राहून गेलं.

कॅमेरा गिळला, तो आतच मुक्काम ठोकून बसला. दर एक्स-रेत त्याच जागी. सूज उतरवायची औषधं झाली. तोंडावाटे लांब नळी घालून ओढून काढायचा प्रयत्न झाला, नळी तिथवर पोचलीच नाही. तेव्हा कुठे ह्यांनी मला टरफलाचं सांगितलं, तेही भिंतीकडे बघत. माझं डोकंच फिरलं.

"अहो, लोकांची एवढी लाज वाटली आणि स्वतःच्या जिवाचं काहीच नाही?"

"समोर लहान मुलं होती गं," हे म्हणाले. "वाढदिवसाचा केक न्यायला आली होती."

भांडायचं तर समोरच्यात जोर हवा, आणि ह्यांना एवढं बोलूनच धाप लागली होती. मी पाय चेपत बसले. माझ्या हातात तेवढंच होतं, आणि त्याने काहीही होणार नव्हतं हेही मला कळत होतं.

मग पोट फुगलं, उलट्या सुरू झाल्या आणि ऑपरेशनशिवाय गत्यंतर उरलं नाही. सर्जन बाहेर आले तेव्हा मी उभी राहिले.

"कॅमेरा निघाला," ते म्हणाले. "पण आजूबाजूचं आतडं बरंच खराब झालं होतं. काढावं लागलं."

"किती उरलं?"

त्यांनी टोपी काढली. "जेवणावर जगता येईल एवढं नाही उरलं, ताई."

पुढे ते शिरेतल्या नळीबद्दल, तिला जोडायच्या अन्नाच्या पिशव्यांबद्दल बरंच काही सांगत होते. मी मान हलवत होते. एक अक्षर डोक्यात शिरलं नाही.

हे शुद्धीवर आले तेव्हा ओठ सुकून गेले होते. मी ओल्या कापसाने टिपले.

"निघाला?"

"निघाला."

किती दिवसांनी ह्यांचा चेहरा मोकळा झाला. पुटपुटले, "सुटलो एकदाचा. ऐक, केकच्या कापलेल्या कडा टाकून देऊ नकोस. घरी आलो की खाईन म्हणतो."

"ठेवते," मी म्हटलं.