शब्द आणणारी

नंदुरबारला युवा संसद भरली तेव्हा आमच्या कॉलेजच्या कामिनीला अर्थमंत्री केलं, हेमराजला सभापती केलं आणि मला केलं ‘दुर्गम भागातील सदस्य’. मी भाग्येश सरांना म्हटलं, सर, एखादं खातं द्या की, शिक्षण द्या. सर हसले आणि म्हणाले, “तुन्हा पाड्यानी शाळा बंद पडी ऱ्हायनी ना, तेच बोल. आसा विषय कोनाकडेच नही शे. लोकस्ले रडू यी.”

लोकांना रडू यावं म्हणून आमची शाळा बंद पडत नव्हती, हे तेव्हाच मला खटकायला हवं होतं. पण भाग्येश सर सगळ्या मुलांचे लाडके. राज्यशास्त्र शिकवायचे, आमच्याबरोबर टपरीवर चहा प्यायचे, वर्गात मराठी आणि बाहेर अहिराणी बोलायचे. डोंगरातल्या मुलांना बाकीचे मास्तर ‘ए पाडवी’, ‘ए वसावे’ अशी आडनावानं हाक मारायचे. हे नावानं हाक मारायचे. एवढ्यावर मी भाळले. तरुणांनी बोलायला पाहिजे, देशानं आधी काय करायचं ते तुम्ही ठरवायचं, असं ते म्हणायचे आणि मला ते अक्षरशः खरं वाटायचं.

आमचा पाडा मोलगीच्या वर. जीप जिथे हात टेकते तिथून पुढे पायवाट. शाळा एका खोलीची, गुरुजी एक. मी चौथीपर्यंत तिथेच शिकले, मग आश्रमशाळा, मग इथवर. माझी धाकटी बहीण सोनम त्याच खोलीत दुसरीत होती. पट चौदा. वीसच्या खाली पट असलेल्या शाळा शेजारच्या शाळेत मिसळणार, असं कानावर येत होतं. शेजारची शाळा म्हणजे नाला ओलांडून पलीकडच्या डोंगरावर. सात वर्षांचं लेकरू तिथे रोज जाणार नाही. ते आईबापांच्या मागे गुजरातमध्ये ऊसतोडीला जाणार आणि पाचटात लोळणार. माझ्या बरोबरीच्या निम्म्या पोरींचं तेच झालं.

मी सरांना एक अट घातली. म्हटलं, पाड्याची गोष्ट बोलायची तर आधी पाड्याला विचारावं लागेल. सरांना ती कल्पना फार आवडली. त्यांनी कॉलेजचं शिबिरच आमच्याकडे आणलं.

संध्याकाळी मोहाच्या झाडाखाली बैठक बसली. पाड्याचा कारभारी म्हणजे माझा आजा, दलसिंग. आजाला मराठी कळतं, पण बैठकीत तो आपल्या भिलीतच बोलतो, म्हणून मी मधे बसले. सर जे बोलले ते मी आजाला सांगितलं आणि आजा बोलला ते सरांना. सर म्हणाले, आम्ही तुमचा प्रश्न संसदेत मांडू, ठराव करू, मोठे साहेब समोर असतील, शाळा वाचेल. आजानं विचारलं, “आणि आम्ही काय करायचं?” सर म्हणाले, “तुम्ही मुलं शाळेत ठेवा. ऊसतोडीला नेऊ नका. पट वीस झाला पाहिजे.” आजा बराच वेळ विडी ओढत बसला. मग त्यानं दगूबाईला, माझ्या आजीला, मोहाची बाटली आणायला सांगितली.

आमच्याकडे कागदापेक्षा हे मोठं. पळसाच्या पानाचा दोना करतात, त्यात मोहाची घोटभर ओततात. आधी थोडी धार जमिनीवर, पूर्वजांना. मग ओठ लावायचे. ज्यानं दोना हातात घेतला त्यानं शब्द दिला. आणि ज्याच्या तोंडून शब्द आला, त्यालाही दोना मिळतो, कारण शब्द आणणारा जामीन असतो. घरात स्टीलचे ग्लासही आहेत, चकचकीत, फळीवर पालथे ठेवलेले. ते फॉरेस्टवाला आला, तलाठी आला, मतं मागणारे आले की उतरवतात. त्यांना पाणी पाजतात, बसायला खाट देतात, वाटेला लावतात. त्यांचा शब्द कुणी घेत नाही.

सरांना मी हे सगळं सांगितलं. एकही गोष्ट लपवली नाही. त्यांनी डोळ्यांत पाणी आणून ऐकलं, “केवढी सुंदर परंपरा!” म्हणाले, दोना घेतला, धार सोडली, ओठ लावले. मुलांनी फोटो काढले. मग आजानं माझ्यापुढे दोना केला. मी पण ओठ लावले. मोह घशात तिखट लागला आणि मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं.

नंदुरबारच्या सभागृहात त्या दिवशी देशाचं सगळं ठरलं. एकानं बुलेट ट्रेन आणली, एकीनं चंद्रावर माणूस पाठवला, शहाद्याच्या एका पोरानं प्रत्येक गावात रोबोट शिक्षक बसवला. आमच्या कामिनीनं अर्थमंत्री म्हणून सगळ्यांना पैसे दिले. कामिनी म्हसावदकडची, केळीवाल्या घरची, मराठी अशी की रेडिओ लावल्यासारखं वाटावं. माझी पाळी आली तेव्हा मी कागद खाली ठेवला. म्हटलं, चंद्रावर जा, जरूर जा. पण आमच्या पाड्यावर एक गुरुजी राहू द्या. देश मोठा होईल तेव्हा आम्हाला कळायला तरी हवं, आणि ते वाचायला कुणीतरी शिकवायला हवं. चौदा मुलं म्हणजे कमी, असं तुम्ही म्हणता. आमच्या पाड्यात ती सगळी आहेत.

टाळ्या पडल्या. ठराव एकमताने मंजूर झाला. समोर शिक्षण खात्याचे एक साहेब बसले होते. ते उठून माइकवर आले आणि म्हणाले, “या भगिनीला मी शब्द देतो. पट वीस करून दाखवा, ती शाळा हलणार नाही.” आम्हाला दुसरं बक्षीस मिळालं. ढाल सरांनी घेतली, कॉलेजात काचेच्या कपाटात ठेवली.

मी शनिवारीच मोलगी गाठली आणि चढून पाड्यावर गेले. बैठकीत सांगितलं, शब्द मिळाला. आजानं एकच विचारलं, “तू ऐकलास? तुझ्या कानानं?” मी म्हटलं, माझ्या कानानं.

त्यानंतर पाड्यानं जे केलं ते मी आयुष्यभर विसरणार नाही. दिवाळी झाली, मुकादमाचा ट्रक आला, माणसं ऊसतोडीला निघाली. दरवर्षी पोरं भांड्यांच्या वर बसून जायची. या वर्षी नाही गेली. म्हाताऱ्यांनी ठेवून घेतली. वाण्याविहीरकडच्या मावशीकडे गेलेली तीन पोरं बोलावून आणली, शाळा सोडलेली दोघं पुन्हा बसवली, शेजारच्या चैत्याची पोर सहा वर्षांची झाली होती तिला घातलं. चौदाचे वीस झाले. माझी आई ट्रकमध्ये चढताना सोनम तिच्या लुगड्याला लटकली होती. आईनं तिची बोटं एक एक करून सोडवली आणि म्हणाली, “तुझ्या ताईनं शब्द आणलाय.” हे मला सोनमनं नंतर सांगितलं. रडत नाही, उलट अभिमानानं.

आजी म्हातारी, गुडघे धरलेले. तिच्या घरात आमची सोनम आणि आणखी चार पोरं निजायची. भाकरी कमी पडायच्या, ताप यायचे, आईची आठवण यायची. पण सकाळ झाली की वीसच्या वीस शाळेत.

जानेवारीत शाळेला कुलूप लागलं.

गुरुजी बिचारे एक दिवस आले, कपाट बांधलं, मुलांना गोळ्या वाटल्या आणि गेले. म्हणाले, आदेश जुना आहे, पट गेल्या वर्षीचा धरला. मला हे हेमराजच्या मोलगीत राहणाऱ्या भावाच्या फोनवरून कळलं. मी चपला न घालता सरांच्या केबिनपर्यंत पळत गेले. सर काहीतरी टाइप करत होते. मान वर करून म्हणाले, “वरतून निर्णय व्हयना, संध्या. आपला हातमा काय शे?” मी म्हटलं, सर, साहेबांना फोन करा, त्यांनी माइकवर शब्द दिलाय. सर म्हणाले, “आसं भाषनमा बोलनं पडस. तू आते लहान शे का?”

तू आता लहान आहेस का! वीस पोरं आईबापांवाचून डोंगरावर बसवून ठेवली होती आणि हा माणूस मला वय विचारत होता.

बाहेर व्हरांड्यात कामिनी उभी होती. तिचा काही वाईट हेतू नव्हता, हे मी तेव्हाही मानलं, आजही मानते. ती माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, “तुले माहीत नही का? सरनी तं माले आधीच सांगेल व्हतं. शाळा बंद व्हनारच शे, आदेश निंघी जायेल शे, पन विषय भारी शे म्हने.”

“आधी म्हणजे कधी?”

“शिबिरना पहिले.”

शिबिराच्या आधी. म्हणजे मोहाखाली बसले तेव्हा त्यांना माहीत होतं. धार सोडली तेव्हा माहीत होतं. पोरं ठेवून घ्या, म्हणाले तेव्हाही. दरोडेखोरानं लुटलं असतं तर एवढं लागलं नसतं. तो निदान चहा पाजून लुटत नाही.

पुढच्या महिन्यात राज्यपातळीची फेरी झाली. मला नेलं नाही. माझी मराठी ‘थोडी कच्ची’ होती म्हणे. कामिनीला नेलं. कॉलेजच्या ग्रुपवर व्हिडिओ आला तो मी हॉस्टेलच्या जिन्यात बसून पाहिला. भाषण माझंच, चंद्र माझा, चौदा मुलं माझी. फक्त शेवट नवा होता. कामिनी डोळे पुसत म्हणाली, “आणि युवा संसदेच्या ठरावामुळे माझ्या पाड्यावरची ती शाळा आज सुरू आहे.” सभागृह उभं राहिलं. ग्रुपवर सगळ्यांनी अंगठे टाकले, फुलं टाकली. मी फोन पालथा ठेवला आणि ओरडले. जिन्यातल्या पोरी घाबरून वर पळाल्या.

त्या वेळी सोनम गुजरातमध्ये होती. शाळेला कुलूप लागल्यावर आजीला पोरं झेपेनात, मामानं तिला आईकडे पोहोचवलं. फोनवर मला म्हणाली, ताई, इथे मी उसाच्या हिरव्या शेंड्यांची बांडी बांधते, मला छान जमतं.

मी सरांशी भांडले नाही. भांडून उपयोग नसतो, सर हसतात. मी वाट पाहिली. मार्च उजाडला, मतदार जागृतीचं शिबिर आलं, तसं मी गोड आवाजात म्हटलं, सर, आमच्याच पाड्यावर घ्या, होळीसाठी सगळी माणसं परत आलेली असतील. सर खूश. मला वाटलं होतं, आता बैठक बसेल. आजा सगळ्यांसमोर विचारेल, दोना घेतलास, शब्द कुठे आहे? आमच्यात शब्द मोडला तर दंड बसतो, माफी मागावी लागते, बकरं कापावं लागतं. एकदा तरी हा माणूस मोहाखाली खाली मान घालून बसलेला मला बघायचा होता. सोनमही परतली होती. हातांवर उसाच्या पात्याचे ओरखडे. तिनंही बघावं, असं मला वाटलं.

सर आले. कुलूप लागलेल्या शाळेच्या ओट्यावर मुलांनी पथनाट्य केलं. ‘मत हाच अधिकार.’ सोनम माझ्या शेजारी बसून तो फलक वाचायचा प्रयत्न करत होती, ‘म’ आणि ‘त’ वेगवेगळे. मग मोहाखाली माणसं जमली. आई होती, बाबा होते, चैत्या होता, सगळे. सर बोलले. तरुणांनी देश घडवायचा आहे, सहभाग हवा, प्रत्येक मत मोलाचं. मी एकही शब्द भिलीत सांगितला नाही, कुणी सांग म्हटलंही नाही. मी आजाच्या तोंडाकडे बघत होते. विचार ना, आजा. आता विचार.

आजा उठला. त्यानं दगूबाईला खूण केली. दोने आले, पळसाची ताजी पानं, आणि एकेकाच्या हातात गेले. बाबांना, चैत्याला, आईला. मग आजी घरात गेली आणि फळीवरचा स्टीलचा ग्लास घासूनपुसून, पाण्यानं भरून घेऊन आली. आजानं तो दोन्ही हातांनी, अगदी अदबीनं सरांना दिला.

जाब नाही, दंड नाही, एक वाकडा शब्द नाही. जाब आपल्या माणसाला विचारतात. सर सराईत पाहुण्यासारखे हसले आणि म्हणाले, “बघा, केवढी स्वच्छता आली गावात! ग्लासमध्ये पाणी!”

निदान एवढं तरी झालं, असं मी मनात म्हणत होते, तोच आजी पुन्हा घरातून आली. तिच्या हातात दुसरा ग्लास होता. ती थेट माझ्यासमोर येऊन थांबली.

मी म्हटलं, आजी, हा कुणाला? तिनं ग्लास आणखी पुढे केला. मी आजाकडे पाहिलं. तो झाडाकडे बघत होता. मी आईकडे पाहिलं. आईनं दोना दोन्ही हातांत धरला होता आणि ती खाली बघत होती. सोनमला काही कळत नव्हतं, ती ग्लासावरच्या चकाकीत आपलं तोंड बघत होती.

मी काय केलं होतं? खोटं सर बोलले, साहेब बोलले, कामिनी तर रडून बोलली. मी फक्त ऐकलेलं आणून सांगितलं. आणि ग्लास मला, माझ्याच घरात, माझ्याच आजीच्या हातून. मला ओरडायचं होतं, पण कोणत्या भाषेत ओरडू ते सुचेना.

“पी ले ना, संध्या,” सर म्हणाले. “पानी मस्त गार शे.”