शेवटचा चेंडू बाकी

आमचे हे आणि माझे धाकटे दीर यांचं पहिल्यापासून विळ्याभोपळ्याचं सख्य. पण आमच्या खेळांच्या दुकानातली पिनबॉलची, पात्यांनी चेंडू उडवत ठेवायच्या खेळाची, यंत्रं दुरुस्त करताना एकाने हात पुढे केला की दुसरा न विचारता त्यात पाना ठेवायचा.

भावोजींच्या डोक्यात खूळ शिरलं, यंत्रं नेटला जोडायची. फोन टेकवला की यंत्राने माणूस ओळखायचा, अर्धवट डाव जपून ठेवायचा आणि पुढच्या वेळी तिथूनच सुरू करायचा.

"अरे, चेंडू पडला की डाव संपला," हे म्हणायचे. "दूध आहे का ते, उरलं की झाकून ठेवायला?"

"दादा, एखाद्याला मध्येच उठावं लागतं रे."

वर्षभर खपून भावोजींनी दाराजवळच्या यंत्राला ते बसवलंच. ह्यांच्या तोंडून कौतुकाचा एक शब्द निघेल तर शपथ! भावोजी डोळ्याच्या कोपऱ्यातून दादाकडे बघत होते आणि दादा स्क्रू मोजत बसले होते. मला असा संताप आला होता.

पहिला डाव भावोजीच खेळले. तीनपैकी दोन चेंडू झाल्यावर त्यांनी डाव जपून ठेवला. "वहिनी, छातीत कसंतरी होतंय, जरा पडतो," म्हणाले आणि आतल्या बाकावर जाऊन आडवे झाले. ते उठलेच नाहीत.

तेव्हापासून दुकान उघडलं की हे भावोजींचा फोन त्या यंत्राला टेकवायचे. पडद्यावर यायचं, 'धाकटा. शेवटचा चेंडू बाकी.' हे नुसतं वाचायचे आणि फोन बाजूला केला की नाव जायचं. मीही केरसुणी हातात घेऊन मागे उभी राहायचे. गेलेल्या माणसाचं काहीतरी बाकी आहे, एवढ्यावर आमचा दिवस निघायचा.

एका सकाळी नाव वाचतानाच ह्यांना चेंडू उडवणाऱ्या पात्याचं रबर फाटलेलं दिसलं. फोन तसाच ठेवून ह्यांनी काच सरकवली, रबर बदललं, काच लावली. आणि दुरुस्तीनंतर एक डाव खेळून बघायचा, ही दोघा भावांची जन्माची सवय. हातांनी आपणहून बटण दाबलं, दांडा ओढला.

चेंडू सुटला. छान खेळत होते हे. मग मान वर करून त्यांनी पडदा पाहिला. नाव धाकट्याचं होतं आणि 'बाकी' गेलं होतं.

ह्यांचे हात बटणांवरून खाली आले.

"अहो, दाबा! दाबा ना!" मी ओरडले, केरसुणी टाकून धावले. चेंडू नव्या रबराच्या शेजारून सावकाश खाली गेला.

'डाव संपला. नोंद जपून ठेवली.'

हे काचेवर दोन्ही तळवे टेकून रडले. अंत्यविधीलाही रडले नव्हते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "फार चोख काम केलंय गं त्याने."

ऐकायला मी एकटीच होते.