अर्ध्या सेकंदाचा अहवाल

बाबांचा फोन आला तेव्हा सकाळचे सव्वादहा झाले होते आणि ठकी स्वतःवर जाम खूश होती. ठकी हे घरातलं नाव. ऑफिसात हे नाव कुणाला कळलं असतं तर तिची धडगत नव्हती.

"ठके, रिपोर्ट आला गं," बाबा म्हणाले. "पण गंमत झाली. पान उघडलं तेव्हा लिहिलं होतं, दोष आढळला नाही. मी चष्मा नीट करेपर्यंत ते बदललं. आता म्हणतंय, तातडीने डॉक्टरांना भेटा. यातलं खरं कुठलं?"

ते पान ठकीनेच बनवलं होतं.

"बघते आणि सांगते."

"तुझंच ना ते? मग बघायचं काय त्यात?"

"बाबा, दहा मिनिटं द्या मला."

"घे की. मला तर पहिलंच पटलंय."

बाबांनी उभा जन्म छापखान्यात प्रुफं तपासण्यात घालवला होता. अर्ध्या सेकंदात बदललेली ओळ दुसऱ्या कुणाच्या नजरेतून निसटली असती, त्यांच्या नाही. दहा दिवसांपूर्वी त्यांच्या मानेतली गाठ काढून तपासायला दिली, तेव्हापासून ते घरात उगाचच शिट्टी वाजवत हिंडायचे. बाबा शिट्टी वाजवायला लागले की ते घाबरलेत हे ठकीला लहानपणापासून ठाऊक होतं.

आता या पानाची भानगड काय ते सांगायला हवं. ऑफिससमोर, रस्त्यापलीकडे असलेल्या लॅबचे अहवाल लोक फोनवर बघत. आधी ते सगळं माणसाच्या फोनमध्ये, म्हणजे ब्राउझरमध्ये तयार व्हायचं, आणि ज्यांचे फोन जुने त्यांच्यासमोर नुसतं पांढरं पान यायचं. लॅबने तक्रार केली. म्हणून ठकीने महिनाभर खपून ते पान दोन्हीकडे तयार होईल असं केलं. आधी सर्व्हरवर, म्हणजे कंपनीच्या यंत्रावर, पान लिहून तयार होणार आणि झटकन फोनवर पोचणार. मग फोनमधला ब्राउझर तेच पान स्वतः पुन्हा उभं करणार आणि अहवाल एकदा ताडून घेणार. दोन्ही सारखी असली की माणसाला काही कळतही नाही. काल दुपारी हे सुरू झालं होतं, आणि ठकीची खुशी त्याचीच होती.

चूक तिला फोन ठेवण्याआधीच कळली होती. उघडलेला अहवाल तिने एका जागी ठेवला होता, वही म्हणा. ब्राउझरमध्ये त्यात काही वावगं नाही, फोन एकाचा तर वही एकाची. पण तोच कोड तिने सर्व्हरवर जसाच्या तसा नेला, आणि तिथे सगळ्या गावाला मिळून एकच वही झाली. दोन माणसं पाठोपाठ आली की दुसऱ्याच्या पानावर पहिल्याचा अहवाल उमटायचा. मग ब्राउझर योग्य तो मागवून घ्यायचा आणि ओळ बदलायची. तपासताना ठकीने हे पान शंभर वेळा तरी उघडलं असेल, पण दर वेळी एकटीने. स्वतःच्या पाठोपाठ स्वतःच. चूक सापडणार कशी?

खाजगीपणा जपायचा म्हणून तिने पानावर रुग्णाचं नावही ठेवलं नव्हतं. केवढा तो शहाणपणा.

म्हणजे बाबांना आधी दिसला तो दुसऱ्याचा अहवाल, आणि नंतर दिसला तो त्यांचा स्वतःचा. हे इतकं सरळ होतं की एरवी तिने एका वाक्यात कुणालाही समजावलं असतं. पण त्या सकाळी ती हट्टाला पेटली. कदाचित ब्राउझरच चुकत असेल, पहिलंच खरं असेल, असं म्हणत तिने एकेक ओळ चाळली, नोंदी चाळल्या, पुन्हा पहिल्यापासून चाळल्या. घड्याळाकडे पाहिलं तर वीस मिनिटं गेली होती, आणि तेवढ्यात आणखी अकरा जणांनी पान उघडलं होतं.

तिने पान बंद केलं आणि साहेबांकडे गेली. साहेबांना सगळे शांतोबा म्हणत. आवाज चढवणं त्यांना जमतच नसे, आणि म्हणूनच त्यांची भीती वाटे.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "कळलं कधी?"

"सव्वादहाला."

"आणि बंद कधी केलं?"

तिने वेळ सांगितली. शांतोबांनी ती कागदावर टिपून घेतली. तिला वाटलं, ओरडले असते तर बरं झालं असतं.

"आधी माणसं बघा," ते म्हणाले. "कुणाला चुकीचं दिसलं, आणि कुणाच्या फोनवर ते तसंच राहिलं."

खरी धास्ती तीच होती. जुन्या फोनवर ब्राउझरचं काम अर्ध्यात अडकतं, आणि सर्व्हरकडून आलेलं पान तसंच राहतं. यादी काढून, ताडून पाहायला दुपारचा एक वाजला. असे चारजण निघाले. चौथ्या नोंदीची वेळ ठकीने दोनदा वाचली. ती बाबांच्या नोंदीला अगदी चिकटून होती, नंतरची. बाबांचा अहवाल त्या फोनवर गेला होता आणि अजून तिथेच होता.

यादी घेऊन ती रस्ता ओलांडून लॅबमध्ये गेली. तिथल्या डॉक्टरबाईंनी मूळ कागद काढले आणि यादीवरून बोट फिरवत आल्या.

"हे गृहस्थ? यांना आता त्यांचाच अहवाल दिसतोय ना?"

"हो. ते माझे वडील आहेत."

डॉक्टरबाईंचं बोट थांबलं. "त्यांच्याशी मी बोलू का?"

"नको, मी सांगेन." मधल्या काळात बाबांचे दोन फोन येऊन गेले होते, आणि तिने दोन्ही उचलले नव्हते.

मग दोघींनी तिथूनच त्या चौघांना फोन लावले. पहिले तीन सोपे गेले. दोघांनी पान नीट पाहिलंच नव्हतं, तिसऱ्याने यथेच्छ शिव्या दिल्या. चौथा फोन एका बाईंनी पहिल्याच रिंगला उचलला. त्या शाळेची बस चालवत. सकाळी मुलांना सोडलं, पान उघडलं, आणि तेव्हापासून त्या रिकाम्या बसमध्येच बसून होत्या. घरी कुणाला कळवलं नव्हतं.

डॉक्टरबाईंनी त्यांना दोनदा सांगितलं, की तो अहवाल तुमचा नाही, तुमच्यात काहीही दोष नाही. ठकीने माफी मागितली. चूक माझी आहे, असं स्पष्ट सांगितलं.

"मग हे माझ्या फोनवर दिसतंय ते कुणाचं?" बाईंनी विचारलं.

"ते सांगता येणार नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"नाव नको मला. त्या माणसाला कळलंय का, एवढंच सांगा."

डॉक्टरबाईंनी ठकीकडे पाहिलं.

"नाही," ठकी म्हणाली. "अजून सांगितलं नाही."

"मग सांगा लवकर. आणि असं फोनवर नका हो सांगू. मी तीन तास एकटी बसलेय इथे. त्यांच्याजवळ कुणीतरी असू दे."

ठकी बाहेर आली. भर दुपारच्या रहदारीत उभी राहून तिने घरी फोन लावला.

"काय गं, तुझी दहा मिनिटं संपायचं नाव घेईनात," बाबा हसत म्हणाले. "पहिलंच ना?"

"बाबा, घरीच थांबा. मी येतेय."

"भर दुपारी? फोनवर सांग ना. नुसतं हो की नाही."

"येते आणि सांगते."

पलीकडे बाबांनी एकदा घसा खाकरला.

"बरं," ते म्हणाले. "सावकाश ये, ठके. घाई नाही काही."