पाहिलं, सापडलं नाही

ताईला जाऊन सहा वर्षं झाली, तरी ऑफिसात तिची सही मावशीला रोज भेटायची. संगणकावर एखादं जनुक उघडावं, तर नोंदीच्या शेवटी थोरल्या बहिणीची ती दोन अक्षरं. दोघी एकाच खोलीत पाठीला पाठ लावून बसत. काम मोठं डोकं पिकवणारं. जनुक शरीरात काय करतं हे जगभरचे संशोधक आपापल्या भाषेत लिहिणार, एकाच गोष्टीला दहा नावं ठेवणार. या दोघींनी ते लेख वाचायचे आणि ठरलेल्या कोशातलाच शब्द त्या जनुकापुढे लावायचा.

ज्या जनुकाचं काम कुठल्याच लेखात मिळालं नाही, त्याच्यासाठी कोशात एक शेराही होता: पाहिलं, सापडलं नाही. लग्नात नुसताच मिरवणारा काका दिसला की ताई मावशीच्या कानाशी लागून तोच म्हणायची. ऑफिसात मात्र त्याची थट्टा तिला खपत नसे. नोंद कोरी असली तर कुणीतरी कधीतरी बघेल. हा शेरा असला की सगळे लेख कुणीतरी धुंडाळलेत असं समजून त्या वाटेला पुन्हा कुणी फिरकत नाही.

त्या सोमवारी ताईची मुलगी आली. पंचविशी उलटली तरी सगळ्यांची चिमणीच. आठवड्यापूर्वी जिना चढताना ती शुद्ध हरपून पडली होती. तपासणीत एका जनुकात बदल निघाला. डॉक्टरांनी हृदयाच्या आणखी तपासण्या सांगितल्या, कदाचित छातीत यंत्र बसवावं लागेल म्हणाले, आणि ही बया नाही म्हणून अडून बसली होती.

ती आईच्या खुर्चीत बसली. खुर्ची ताईच्या वेळी करकरायची तशीच करकरली आणि मावशीने सवयीने मागे वळून पाहिलं.

"मी नोंद पाहिली गं," चिमणी म्हणाली. "खाली आईची सही आहे. तिने बघितलंय आणि त्यात काही नाही. मग कशाला चिरफाड?" ती हसली. "किती वर्षांनी आईने मला काहीतरी सांगितलं."

मावशीने तिच्या तपासणीच्या कागदावरचा जनुकाचा क्रमांक वाचला आणि लगेच ओळखला.

तो दिवस ती विसरलीच कुठे होती? ताई दमलेली, पुढ्यात चाळीस जनुकांचा ढीग. "तू घरी जा, मी उरकते," म्हणून मावशीने तिला पिटाळलं. ताई दारातून म्हणाली, "हे एक तेवढं ठेव. त्यावर नवा लेख आलाय, उद्या मी वाचते." मावशीने काही न वाचताच, ताईच्याच नावाने, चाळीसच्या चाळीस जनुकांना तो शेरा ठोकून दिला. दुसऱ्या दिवशी ताईने विचारलं, तेव्हा बेधडक थाप मारली: वाचला मी, काही नाही त्यात. आठ महिन्यांनी ताई जिन्यातच कोसळली. हृदय अचानक थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून तो लेख उघडायची मावशीची छाती झाली नव्हती.

आता तिने तो उघडला. दुसऱ्याच पानावर होतं. हे जनुक हृदयाचे ठोके लयीत ठेवतं. ते बिघडलं तर हृदय एकाएकी थांबू शकतं.

गप्प राहिली असती तर कुणाला काही कळलं नसतं. चिमणी आईच्या भरवशावर घरी गेली असती, आणि एखाद्या जिन्यात तीही.

"चिमणे, सही आईची आहे. शेरा मी मारला."

मावशीने सगळं सांगितलं, थापेसकट. चिमणीने पडद्यावरच्या सहीवर बोट ठेवलं.

"म्हणजे आईने पाहिलंच नव्हतं?"

"पाहणार होती. मी पाहू दिलं नाही."

"तिलाही हेच होतं?"

"असावं," मावशी म्हणाली. तिला रडण्याचाही हक्क वाटेना.

तिने कोशातला योग्य शब्द शोधून लावला, लेखाचा दाखला जोडला, खाली स्वतःची सही घातली. आधीची सही काढायची का, असं पडद्यावर आलं आणि तिचा हात थबकला. चिमणीने वाकून ती दोन अक्षरं एकदा नीट पाहिली आणि ती काढायचं बटण स्वतःच दाबलं.

"डॉक्टरांना फोन लावा," ती म्हणाली. जन्मात पहिल्यांदा तिने मावशीला अहो-जाहो केलं होतं.